आधी आकाश कापा

प्रश्न : सर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी मुलाकडे बॉस्टनला होते. त्याने आम्हा दोघांना न्यू हॅम्पशायरमधल्या कँकामॉगस हायवेवर ‘फॉल कलर्स’, म्हणजे पानगळीचे रंग, दाखवायला नेलं. रंग बघून माझी तर बोलतीच बंद झाली. मोबाइलवर चारशेच्या वर फोटो काढले. ठाण्याला येऊन बघते तर प्रत्येक फोटो विस्कटलेल्या रांगोळीसारखा. हे म्हणतात, सगळे एकाच झाडाचे वाटतात. तीन फोटो पाठवतेय. क्रॉप करून, म्हणजे कडा कापून, यातलं काही वाचेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : यजमानांवर रागावू नका. माझ्या पहिल्या खेपेच्या फोटोंनाही घरी हेच ऐकावं लागलं होतं. रानात उभं असताना आपले दोन डोळे मिळून कोणतं झाड पुढे आणि कोणतं मागे ते सांगत असतात. मान जरा हलवली की जवळचं खोड सरकतं, लांबचं जागच्या जागी राहतं. फोटोत हे सगळं जातं आणि पुढचं-मागचं एकाच पत्र्यावर येऊन चिकटतं. ते सुटं करायचं काम मग आपल्याकडे येतं. थोडं उभं राहतानाच करायचं असतं, थोडं घरी कापताना.

पहिला फोटो डोंगराचा. त्यात वरचा तिसरा हिस्सा आकाश आहे. दिवस ढगाळ होता, ही खरं तर चांगली गोष्ट. उन्हाचे चट्टे पडत नाहीत, पानांचा रंग एकसारखा येतो. पण ढगाळ आकाश फोटोत पांढरंफटक पडतं आणि नजर उजेडाकडेच जाते, खाली मेपलची झाडं कितीही नटलेली असोत. आधी आकाश कापा. अर्धवट नाही, डोंगरमाथ्याच्या कडेसकट. खालची डांबरी रस्त्याची पट्टी आणि कठडाही काढा. उरेल ती एक आडवी पट्टी. आता तिच्यात बघा, लाल-केशरी मेपलमधून काळपट हिरव्या स्प्रूसची एक रांग तिरपी वर चढत गेलीय. तुमच्या फोटोत ती पहिल्यापासून होती, आकाशाने दिसू दिली नाही. ती रांग डाव्या खालच्या कोपऱ्याजवळून सुरू होईल असं कापा. मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा आहे, कापल्यावर ४०३२ बाय १७०० च्या आसपास राहील. इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी १३ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच छापून मिळतो. सोफ्याच्या वर लावण्याजोगा.

आकाश वगळण्याची ही सवय मला अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर यांच्या चित्रांनी लावली. हा माणूस मुळात डॉक्टर. हार्वर्डमधलं शिकवणं सोडून छायाचित्रणात आला आणि रंगीत फिल्मला कलाजगत नाक मुरडत होतं तेव्हापासून रंगातच काम करत राहिला. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांच्या रंगीत चित्रांचं प्रदर्शन झालं. त्यांची रानातली चित्रं बघाल तर बहुतेकांत क्षितिज नसतंच. चार खोडं, पाण्यावरची पानं, एक ओला दगड. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या रानावर एवढ्या जवळून नजर ठेवणारा दुसरा मला ठाऊक नाही.

दुसऱ्या फोटोत बर्चची पाच पांढरी खोडं आहेत. इथे मला तुमच्यापेक्षा जास्त हळहळ वाटली, कारण जागा अप्रतिम होती. डाव्या कडेला एक खोड उभं चिरल्यासारखं अर्धं आलंय, ते कापून टाका. कडेला येणारं खोड एक तर पूर्ण घ्यावं, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा ठेवून, नाही तर अजिबात नको. पण मधली दोन खोडं एकावर एक येऊन मिळून एक जाड, वेडंवाकडं खोड झालंय. त्याला क्रॉपचा इलाज नाही. तिथे उभ्या असताना एक पाऊल डावीकडे टाकलं असतंत तर दोघांच्या मधून मागची पिवळी पानं दिसली असती. कापल्याने चौकट बदलते. खोडांचं एकमेकांशी नातं फक्त पाय बदलतात.

हे सांगणं सोपं आहे. मुलगी मॅसॅच्युसेट्सला असते, तिच्याकडे असताना मी एकदा चार बर्चभोवती चाळीस मिनिटं घिरट्या घातल्या होत्या. खोडं एकमेकांपासून सुटी दिसायला हवीत, मधली अंतरं सारखी नकोत, मागे पांढरं काही नको. मुलगी गाडीत थर्मास घेऊन बसलेली. शेवटी काच खाली करून म्हणाली, “बाबा, झाड कुठे पळून जाणार आहे का?” घरी येऊन फोटो मोठा केला तर उजव्या कोपऱ्यात रस्त्याची पिवळी पाटी. चाळीस मिनिटं मी खोडं बघत होतो, कडा एकदाही बघितल्या नव्हत्या. आता बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवतो, सायकलला कुलूप लावून दोनदा ओढून बघतो तशी.

तिसरा फोटो तळ्यातल्या प्रतिबिंबाचा, बोटांनी ताणून झूम केलेला. फोनला लांबचं जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर तसं ताणणं म्हणजे घाईत, उन्हात, डोळे बारीक करून केलेलं क्रॉपच. त्यापेक्षा पूर्ण फोटो घ्या आणि घरी चष्मा लावून कापा. रुंदी-उंची दोन्ही निम्म्या केल्या तर पिक्सेल मात्र पाव उरतात. तुमच्या फोनचे १ कोटी २० लाखांचे ३० लाख होतात. पोस्टकार्डाला पुरतात, भिंतीला नाही.

उरलेल्या चारशेंसाठी आमच्या स्टुडिओतली जुनी युक्ती सांगतो. सांगलीला माझी डार्करूम होती तेव्हा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे काटकोनात कापलेले दोन तुकडे कायम टेबलावर असायचे. फोटोवर ते समोरासमोर ठेवून सरकवत राहायचं, चौकट लहान-मोठी, उभी-आडवी होत जाते. चार बाय सहाचे वीस प्रिंट काढा आणि दोघं मिळून हा खेळ खेळा. फोटो उलटाही धरून बघा. झाडं झाडं वाटेनाशी होतात आणि नको तो पांढरा ठिपका चटकन डोळ्यांत खुपतो.

पुढच्या वर्षी परत जाणार असाल तर अजून एक. मेपलच्या पानातला पिवळा रंग उन्हाळाभर आतच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र झाड नव्याने तयार करतं, आणि त्याला ऊन लागतं. म्हणून बाहेरची, उन्हाकडची पानं लाल आणि आतली सावलीतली पिवळी असं एकाच झाडावर पुष्कळदा सापडतं. झाडाखाली बुंध्याजवळ उभं राहून बाहेरच्या दिशेने बघा. पिवळ्यापासून लालपर्यंतचा उतार एका चौकटीत मिळेल, आणि मागून येणाऱ्या उजेडाने पानं काचेसारखी पेटतील. बहुतेक पर्यटक रस्त्यावर उभे राहून झाडाकडे बघतात. तुम्ही झाडातून बघा.

प्रश्न : पानांचे रंग प्रत्यक्षात होते तसे येत नाहीत, म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, वाढवतो. मित्र म्हणतात भडक दिसतं. किती वाढवावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मित्र बरोबर आहेत. लाल रंग लवकर भरून वाहतो. वाढवत गेलात की पानावरच्या शिरा नाहीशा होतात आणि झाडाला कुंकू फासल्यासारखं दिसतं. आधी दोन गोष्टी बघा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेप्रमाणे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर असेल तर तो सोनेरी उजेडाला ‘दुरुस्त’ करून निळसर करतो. ‘क्लाउडी’वर ठेवा. दुसरं, ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चकाकी बसलेली असते, रंग तिच्याखाली झाकला जातो. पोलरायझर फिल्टर फिरवला की चकाकी उतरते. फोनवाल्यांनी पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवावा. लोक बघतात, बघू द्यावं. एवढं करून सॅच्युरेशनला हात लावायची गरजच पडत नाही. पडली तर जेवढं वाढवावंसं वाटेल त्याच्या निम्मं.

प्रश्न : अमेरिकेला जाण्याची ऐपत नाही. आपल्याकडच्या पानगळीचे असे फोटो होतात का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : चंद्रपुरात राहून हे विचारता? तुमच्याकडे रंग उलट्या क्रमाने येतात, एवढाच फरक. सागाची पानं तपकिरी होऊन कुरकुरत गळतात, त्यात मेपलची मजा नाही, मान्य. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण रानात कांडोळ बघा. त्याला भुत्या म्हणतात ते उगाच नाही. पांढरं, गुळगुळीत खोड, करड्या रानात एकटं उभं. बर्चला मी जे नियम सांगितले ते सगळे इथे चालतात, फक्त इथे ऊन कडक, म्हणून सकाळी लवकर जा. नऊनंतर कॅमेरा पिशवीत. आणि मार्चमध्ये कोशिंब, म्हणजे कुसुम, शोधा. तिकडे पान जाताना लाल होतं, कोशिंबाचं पान येतानाच लालभडक असतं. पूर्ण झाड घेऊ नका, मागे तुमचं ते पांढरं आकाश येईल. एक फांदी, मागे सावलीतला उतार. दोन-तीन आठवड्यांत पानं हिरवी होतात, तेव्हा ‘पुढच्या रविवारी’ म्हणू नका. काढलात की एक मला पाठवा, न कापलेला.