बेळगावच्या खडेबाजारजवळची स्टुडिओ रूम आणि दोन बहिणींच्या सह्या

ताई, तुमचं पत्र वाचलं. 1930 च्या दशकातली दगडी बिल्डिंग, वरच्या मजल्यावरची एकच मोठी खोली, नव्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, कोपऱ्यात किचन आणि अटॅच्ड टॉयलेट करून मालक ती स्टुडिओ अपार्टमेंट म्हणून 18 लाखाला विकतोय, खाली त्याचा भाऊ राहतो, तुम्ही 2 लाख इसार देऊन बसलाय आणि आता कळतंय की दोन बहिणी पण आहेत. आई-वडील दोघंही नाहीत, वडील 2011 ला मृत्युपत्र न करता वारले, आणि मालक म्हणतोय बहिणींची लग्नं 94 च्या आधीच झालीत, त्यांचा काय संबंध.

संबंध आहे, पूर्ण आहे. कर्नाटकानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो 30 जुलै 1994 पासून, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, म्हणून आपल्या बेळगाव-खानापूर भागात अजून घरोघरी हेच ऐकायला मिळतं. पण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर ती अट उरली नाही आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये मुलीचा हक्क जन्मापासूनच असतो हे स्पष्ट केलं. बरं, घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असलं तरी मृत्युपत्र नाही म्हटल्यावर चारही मुलं सारखीच वारस. बहिणींना वगळून हा व्यवहार होतच नाही.

मालक दाखवतोय तो शंभरच्या स्टॅम्पवरचा वाटणीचा कागद मी फोटोत बघितला, 2012 चा आहे, त्यावर फक्त दोघा भावांच्या सह्या आहेत आणि रजिस्टर केलेला नाही. त्याच्या भरवशावर पैसे देऊ नका. उद्या बहिणींनी दावा घातला तर तुमच्या हातात फक्त मालकाचा हिस्सा उरेल, आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला तर त्याला त्या घरात बाकीच्यांबरोबर राहायचा हक्क मागता येत नाही, कायद्यातच तसं आहे. वाटणीचा दावा तुम्हाला घालावा लागेल आणि तिथं ती भावंडं कोर्ट ठरवेल त्या किमतीला तुमचा हिस्सा घेऊ शकतात. वर्षं जातील ती वेगळीच.

म्हणून चौघांनीही सेल डीडवर, म्हणजे खरेदीखतावर, सही करायला पाहिजे. बहिणींना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, भावानं आणलेल्या कोऱ्या कागदावरच्या सहीवर विसंबू नका, बऱ्याचदा त्या बायकांना कशावर सही केली हेच सांगितलेलं नसतं आणि हे मला फार खटकतं.

कागदांमध्ये सिटी सर्व्हेचा उतारा, महानगरपालिकेचा ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद), सब-रजिस्ट्रारकडची ईसी (मिळकतीवरच्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला) एवढं तरी बघा. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुनं खरेदीपत्र मराठीत, कदाचित मोडीत असेल, ते जाणकाराकडून वाचून घ्या. सेल डीडमध्ये खोलीबरोबर जागेतला तुमचा हिस्सा लिहिलेला पाहिजे, नाहीतर बिल्डिंग पाडली की तुमच्याकडं काय राहणार? नव्या टॉयलेटला परवानगी घेतली होती का तेही विचारा.

जनरल पॉवर ऑफ ॲटर्नीवर (मुखत्यारपत्रावर) व्यवहार करू म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्यानं मालकी मिळत नाही. महिनाभरात बहिणी सहीला आल्या नाहीत तर इसार परत मागायची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवू, पैसे बँकेतून दिलेत ते बरं झालं, तेवढं स्टेटमेंट आणि इसारपावती जपून ठेवा.