चार्टवर टिक आहे, पण आजींची पाठ लाल आहे

प्रश्न : नमस्कार सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, वय २६, पुण्याजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात दीड वर्ष झालं नाईट करतेय. ३८ आजी-आजोबा आहेत, त्यातले ११ पूर्ण बेडवर, आणि रात्री मी एकटी सिस्टर आणि दोन मावशी. दर दोन तासांनी पोझिशन चेंज केल्याचं चार्टवर लिहायचं असतं, ते आम्ही पहाटे एकदम भरून टाकतो, सगळ्याच भरतात. मागच्या आठवड्यात एका आजींचा डायपर बदलताना बघितलं तर माकडहाडावर लाल चट्टा, आणि चार्टवर माझ्याच सहीने चार टिका. इनचार्जना सांगितलं तर म्हणाल्या पावडर लाव, नातेवाइकांना बोलू नकोस आणि टिक सोडू नकोस. संध्याकाळी सहानंतर कुणाला पाणी द्यायचं नाही असंही तोंडी सांगितलंय, रात्री डायपर कमी लागावेत म्हणून. घरी हप्ते आहेत, नोकरी सोडता येत नाही. काय करू?
— एक सिस्टर

उत्तर : अगं, आधी त्या आजींचं बघू, बाकीचं नंतर. आज ड्यूटीवर गेलीस की त्या चट्ट्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून धर आणि उचल. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली स्टेज समज आणि डॉक्टरांना त्याच रात्री कळव. आजी सावळ्या असतील तर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हाताची मागची बाजू लावून बघ, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक झालंय का. पावडर-स्पिरिट लावून चोळू मात्र नकोस. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि मीही कित्येक बॅचना बॅक केअर म्हणून तेच शिकवलं, याचं आज वाईट वाटतं, कारण लाल जागा चोळली की आतलं मांस अजून दुखावतं. आजींना थोडंसंच, साधारण ३० अंशात कुशीवर कर, पाठीला उशी दे आणि पोटऱ्यांखाली एक उशी अशी सरकव की टाचा गादीला टेकणार नाहीत.

पाण्याचं तर ऐकूनच जीव कळवळला. सहापासून सकाळच्या चहापर्यंत बारा तास कोरडे! त्यातून युरिन इन्फेक्शन होतं, मग म्हातारं माणूस रात्री बरळायला लागतं आणि आपण म्हणतो आजी त्रास देतात. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला लिहिलंय असे पेशंट सोडले तर ही तोंडी ऑर्डर पाळायची नाही. कुणी अडवलं तर म्हण, मॅडम ऑर्डर लिहून द्या. कुणी लिहून देत नाही बघ.

आता टिक. हिशोब मांडून बघ, ११ जणांना दोघींनी मिळून वळवायचं, एकेकाला दहा मिनिटं धरली तर ११० मिनिटं झाली, म्हणजे एक फेरी संपेपर्यंत दुसरी सुरू, आणि मधे कुणी पडलं, कुणाला दम लागला तर? काम झालं नाही यात तुझा दोष नाही, माणसं कमी दिली हा मॅनेजमेंटचा दोष आहे. पण न केलेल्या कामावरची सही तुझी आहे. मी नवीन असताना असाच चार्ट भरला होता, एका आजोबांच्या टाचेला काळी खपली धरली होती आणि कागदावर सगळं व्यवस्थित. कोरा रकाना दिसला असता तर सकाळच्या सिस्टरने त्यांना आल्या आल्या वळवलं असतं, माझी टिक बघून ती पुढच्या बेडवर गेली.

म्हणून आजपासून जेवढं केलं तेवढंच लिही, राहिलं तिथे "केले नाही, स्टाफ कमी" लिहून वेळ टाक. जुन्या टिका खोडू नकोस, व्हाइटनर तर अजिबात नको, आजची तारीख टाकून खाली खरं काय ते लिही. आणि डॉक्टरांकडून प्रत्येकाचा प्लॅन लिहून घे. सगळ्यांनाच दर दोन तासांनी वळवावं लागतं असं नाही, ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१४च्या गाइडलाइनमध्ये जास्त धोका असलेल्यांना निदान चार तासांनी वळवा असं आहे, मग ज्यांची कातडी लाल झालीय त्यांना आधी घ्यायला तुला हात मोकळे मिळतील.

इनचार्जना आता तोंडी काही सांगू नकोस. अर्ज लिही, ११ पेशंट, तीन माणसं, ११० मिनिटं, हे आकडे जसेच्या तसे घाल, रात्री अजून एक माणूस माग, दुसऱ्या सिस्टरचीही सही घे आणि पोच ठेव. नातेवाइकांनी विचारलं तर चट्टा आहे हे सांगायचंच, आणि चार दिवसांत कुणी हललं नाही तर त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ टोल फ्री आहे, तिथे तूही फोन करू शकतेस. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये करार करून असहाय माणसाची देखभाल अंगावर घ्यायची आणि मुद्दाम करायची नाही याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेही मॅनेजमेंटला माहीत असू दे. नोकरीची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण प्रकरण अंगाशी आलं तर पहिल्यांदा बोट दाखवतील ते तुझ्या सहीकडे. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुझं आहे, त्यांचं नाही.

चट्टा दाबल्यावर पांढरा होतो की नाही, तेवढं मला लगेच लिहून कळव.