माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन यांचा नेमका संबंध काय?

माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन यांचा संबंध काय आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने तंत्रज्ञान कितपत शिकावे, असे आपण विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण लिहिलेले ‘संगणक विभाग ही शेवटी साहाय्यक सेवाच असते ना?’ हे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण एका कारखान्याच्या संगणक विभागात अकरा वर्षे मी हेच ऐकत आलो. ते चुकीचे आहे.

आमच्याकडे ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली, आली तेव्हा तिची जबाबदारी माझ्यावर होती. उत्पादनाची नोंद होताच प्रत्येक नगाला लागणारा माल साठ्यातून आपोआप वजा व्हावा, ज्याला आम्ही बॅकफ्लश म्हणतो, अशी मांडणी ठरली. साठा शून्याखाली जात असेल तर प्रणालीने नोंद स्वीकारू नये, असे बंधनही मी घातले होते. पहिल्याच आठवड्यात त्या बंधनामुळे दोन वेळा माल रवाना होऊ शकला नाही आणि महाव्यवस्थापकांनी ते काढून टाकण्याचा आदेश दिला. साठा शून्याखाली का जातो आहे ते आधी शोधू या, असे मी म्हणालो. ‘तुम्ही प्रणाली चालू ठेवा, कारखाना कसा चालवायचा ते आम्ही बघतो,’ असे उत्तर मिळाले आणि बंधन निघाले.

तीन महिन्यांनी एका मापाच्या बेअरिंगचा साठा स्क्रीनवर उणे २१२ दिसत होता आणि स्टोअरच्या रॅकमध्ये त्याच बेअरिंगची न फोडलेली खोकी कप्प्याबाहेर येईपर्यंत रचलेली होती. प्रणालीला तूट दिसत असल्यामुळे ती खरेदीचे प्रस्ताव काढत राहिली आणि खरेदी विभाग ते जसेच्या तसे मंजूर करत राहिला. बैठकीत सर्वांनी सॉफ्टवेअरला दोष दिला. मी दोन रात्री स्टोअरमध्ये बसून काढल्या. रात्रपाळीला स्टोअरकीपर नसे. पर्यवेक्षक चिठ्ठी लिहून माल उचलत आणि ती दाराजवळच्या खिळ्याला टोचून ठेवत. सकाळी स्टोअरकीपर एकेक चिठ्ठी काढून ‘माल दिला’ अशी नोंद करी, आणि तोच माल बॅकफ्लशने आधीच वजा झालेला असे. एकच बेअरिंग दोनदा खर्ची पडत होते. त्या स्टोअरकीपरचा यात काहीही दोष नव्हता. चिठ्ठीची नोंद चुकता कामा नये, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून बजावले होते. आता ती करू नये, हे कोणीही सांगितले नव्हते. रात्री माल कोणाच्या अधिकाराने बाहेर निघतो, हे व्यवस्थापनाने कधी ठरवलेच नव्हते आणि जुन्या वहीत महिनाअखेरीस खाडाखोड करून मेळ बसवला जात असल्यामुळे ते कोणाला जाणवलेही नव्हते. ते बंधन राहिले असते तर हा घोळ पहिल्याच आठवड्यात उघडकीला आला असता.

आपण विचारलेला संबंध माझ्या मते एवढाच आहे: व्यवस्थापनाने जे निर्णय टाळलेले असतात, ते संगणक प्रणाली एकेक करून मागते. मंजुरी कोणाची, नोंद कोणी आणि केव्हा करायची, चुकल्यास दुरुस्तीचा अधिकार कोणाला, हे रकाने वहीत रिकामे ठेवता येतात, प्रणालीत येत नाहीत. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये जे. लायन्स या चहागृहे चालवणाऱ्या कंपनीने लिओ हा स्वतःचा संगणक कामाला लावला, तो कचेरीतील कामाची नीट मांडणी करण्याची तिच्या व्यवस्थापनाला आधीपासून आस होती म्हणून. फोर्डचे उदाहरण तर व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी ते १९९० मध्ये मांडले. फोर्डमध्ये पुरवठादारांची देणी चुकती करणाऱ्या विभागात ५०० हून अधिक माणसे होती आणि संगणकाच्या मदतीने त्यांत २० टक्के कपात करण्याचा विचार होता. माझदा या जपानी मोटार कंपनीत हेच काम ५ माणसे करत असल्याचे दिसल्यावर फोर्डने बीजकच, म्हणजे पुरवठादाराचे बिलच, रद्द केले. आलेला माल खरेदी आदेशाशी जुळला की रक्कम चुकती होऊ लागली आणि कपात ७५ टक्क्यांपर्यंत गेली. बीजक नको, हे ठरवण्याचे धैर्य व्यवस्थापनाचे होते. पण सामाईक डेटाबेस नसता तर तो निर्णय कागदावरच राहिला असता. यात साहाय्यक कोण आणि मुख्य कोण, हे आपणच सांगा.

तंत्रज्ञान किती शिकावे, याचे उत्तर थोडक्यात देतो. प्रोग्रॅमिंग आले नाही तरी चालेल, पण एक नोंद कोठे जन्मते आणि पुढे कोणकोणत्या अहवालांत शिरते, हे शेवटपर्यंत शोधून काढता आले पाहिजे. उद्या आपण अधिकारपदावर गेलात तर संगणक विभागाला हिशेब विभागाच्या हाताखाली ठेवू नका. त्याच्या प्रमुखाला निर्णय होतानाच बैठकीला बोलवा. निर्णय झाल्यावर नुसती अंमलबजावणी त्याच्या हाती देऊ नका. मास्टर डेटाची, म्हणजे मालाची नावे, पुरवठादार अशा सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मूळ माहितीची, जबाबदारी ज्या विभागात तो तयार होतो, त्या विभागाच्या प्रमुखाच्या नावावर लेखी असू द्या. संगणक विभागाने ‘आधी कारण शोधू या’ म्हटले, तर त्याला आठवडाभराचा वेळ द्या.

हे सारे मोठ्या, अनेक विभागांच्या व्यवसायाला लागू आहे. चार माणसांच्या व्यवसायात मालकाच्या डोक्यातला हिशेब पुरतो आणि तेथे एवढी प्रणाली आणणे हा अपव्यय ठरेल. सॉफ्टवेअरमध्ये खरेच दोष असतात, हेही मान्य आहे. मांडणी ठरवताना मी रात्रपाळी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, ही माझी चूक होती आणि ती मी त्या वेळीच लेखी कळवली होती. पुढे रात्रपाळीला स्टोअरकीपर नेमला गेला, खिळा काढला गेला आणि साठा जुळू लागला. त्या बैठकीच्या इतिवृत्तात मात्र ‘संगणक प्रणालीतील दोषामुळे जादा खरेदी’ असेच नमूद आहे. ते दुरुस्त करावे, असा अर्ज मी दोनदा केला होता.