आपले प्रश्न, आमची उत्तरे : श्रवणयंत्र लावल्याने कानातला आवाज वाढतो का?

प्रश्न : माझे वय ६१ असून नोकरीची बहुतेक वर्षे यंत्रांच्या खडखडाटात गेली. गेल्या दोन वर्षांपासून दोन्ही कानांत सतत किर्रकिर्र चालू असते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ती नकोशी होते. पत्नीचे बोलणे ऐकू येते, पण नीट कळत नाही. उलट भांडे पडले तर तो आवाज डोक्यात जातो. तपासणीत वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असल्याचे निघाले व श्रवणयंत्र सुचवले गेले. यंत्राने किर्रकिर्र वाढेल आणि कान आळशी होतील, अशी भीती वाटते. सध्या मी कानांत बोळे घालून झोपतो.

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे, पण बहुतेकांचा अनुभव याच्या उलट असतो. यंत्र बाहेरून आलेला आवाज मोठा करते. कर्णनाद, म्हणजेच टिनिटस, बाहेरून येतच नाही, तेव्हा यंत्र त्याला मोठा करणार तरी कसा?

अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यांपैकी वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी गोंगाटाने आणि वयोमानाने आधी निकामी होतात व माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारे संदेश रोडावले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्या वाढीव संवेदनशीलतेतूनच हा नाद जाणवू लागतो, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत व ठसठशीत असतात, तर ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत व क्षीण असतात. म्हणून पत्नीचा आवाज पोहोचतो, पण ‘साठ’ म्हटले की ‘ताट’, हे उमगत नाही. अशा वेळी त्यांनी ओरडून उपयोग नाही. समोर येऊन, थोडे सावकाश आणि नाहीच कळले तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगावे.

यंत्रामुळे हरवलेले आवाज मेंदूला पुन्हा मिळू लागतात आणि त्यांच्या सोबतीत नाद मागे पडतो. तो सर्वांचाच जातो असे नाही, पण त्याचा जाच पुष्कळदा कमी होतो. सुरुवातीला कागदाची सळसळ, नळाची धार, स्वतःचाच आवाज विचित्र वाटेल. तेवढ्यावरून यंत्र कपाटात ठेवू नये; काही आठवडे दिवसातला बराचसा वेळ ते वापरावे आणि जे खुपते ते श्रवणतज्ज्ञाला सांगून जुळवणी बदलून घ्यावी. भांड्याचा आवाज सहन न होणे हाही केशपेशींच्या हानीचाच भाग असून, मोठे आवाज मर्यादेत ठेवण्याची सोय यंत्रात करता येते. कान आळशी होण्याचे म्हणाल, तर दीर्घकाळ ऐकूच न आल्याने बोलणे उकलण्याची मेंदूची सवय मोडण्याचा धोका अधिक असतो.

झोपताना घातलेले बोळे मात्र आजच काढा. पूर्ण शांततेत नाद अधिकच उठून दिसतो. पंख्याचा किंवा पावसाचा मंद आवाज, नादापेक्षा किंचित खालच्या पातळीवर, चालू ठेवावा. कानांना संरक्षण हवे ते खऱ्या गोंगाटात : ८५ डेसिबलला दिवसाकाठी ८ तास ही साधारण मर्यादा धरतात आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

नाद कायमचा घालवणारी गोळी अद्याप सिद्ध झालेली नाही. ‘हमखास गुण’ अशी जाहिरात दिसली की सरळ पान उलटावे. नादामुळे होणारी तगमग कमी करण्यासाठी विचार-वर्तन उपचार मात्र उपयोगी ठरले आहेत. नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून त्याची वेगळी तपासणी आवश्यक आहे.

प्रश्न : माझ्या आईला परवा सकाळपासून एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असून त्यात गुंगुं असा आवाज येतो. तिला सर्दी आहे. ती उतरेपर्यंत थांबावे का?

उत्तर : मुळीच थांबू नये, आजच तज्ज्ञांकडे न्यावे. कारण नुसता मळही असू शकतो, पण आतल्या कानाची श्रवणशक्ती तीन दिवसांच्या आत अशी झपाट्याने घटली असेल, तर ती तातडीची बाब समजतात. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितका लवकर तितका, फायद्याचा ठरण्याची शक्यता अधिक असते. मळ, सर्दी की अंतर्कर्ण, हे कान पाहून व श्रवणचाचणी करूनच ठरते. तोवर कानात तेल किंवा कोणतेही थेंब घालू नयेत.