आठवड्यातला एक दिवस 'हाताने काम' केलं तर दहावीचा पाया कच्चा राहील का?

तुमची मुलगी आठवीत आहे. शाळा आठवड्यातला एक दिवस हातकामाला देणार, गुऱ्हाळ आणि फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) दाखवायला नेणार, आणि यात अभ्यास मागे पडेल अशी तुम्हाला भीती वाटतेय. मी कोल्हापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या मते पाया पक्का होतो, पण मुलं तिथं मोजमाप घेत असतील तरच. नुसतं बघून, गूळ खाऊन, फोटो काढून परत येणार असतील तर ती सहल झाली. सहलही चांगलीच, पण तिला विज्ञानाचा तास म्हणू नये.

गुऱ्हाळाचंच सांगते. ऊस सुरू झाला की आम्ही मुलांना नेतो. जाण्याआधी वर्गात एकच प्रश्न विचारायचा: रस किती अंशाला उकळेल? बहुतेक वह्यांत १०० लिहिलेलं असतं. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, सुरुवातीला आकडा तिथंच घुटमळतो. मग पाणी उडत जाईल तसा तो चढतो, आणि पाक उतरवायच्या वेळी ११५ च्याही पुढे जातो. "मॅडम, थर्मामीटर बिघडलाय!" असं कुणीतरी म्हणतंच. मग तोच थर्मामीटर साध्या उकळत्या पाण्यात धरायचा. तिथं ९८ च्या आसपास दिसतं, कारण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो. पाण्यात काही विरघळलं की उत्कलनबिंदू, म्हणजे उकळायचं तापमान, वाढतो आणि हवेचा दाब कमी झाला की तो उतरतो, या दोन्ही गोष्टी मुलांनी एका दुपारी स्वतः वाचून घेतलेल्या असतात.

गूळ बनवणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, थर्मामीटर वापरत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्याच क्षणी मुलांनी आपला आकडा टिपायचा. त्याच्या बोटांचा अंदाज आणि आपला आकडा किती जवळ आहेत हे कळल्यावर मुलं त्या माणसाकडे वेगळ्या आदराने बघतात, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तो रसात चुन्याची निवळी का घालतो? रस थोडा आम्लधर्मी असतो. आम्लात तापवल्यावर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत जातं आणि गूळ मऊ पडतो. चुन्याआधी आणि चुन्यानंतर सामू (pH, म्हणजे आम्लता) तपासायची पट्टी बुडवली की धडा तिथंच कळतो. उसाच्या रसात घातलेला भेंडीचा चिकट रस बारीक घाण धरून फेसासारख्या मळीबरोबर वर आणतो.

परत आल्यावर वर्गात हिशोब करायचा. १०० किलो रसात साधारण २० किलो घन पदार्थ धरले तर जवळजवळ ८० किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण १,८०,८०० किलोज्यूल. चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) दिवसभर चिपाड, म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा, का घालावं लागतं ते आता वेगळं सांगावं लागत नाही. तापमान न वाढवता नुसती वाफ करायला लागणारी ही उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा; तो दहावीला आहे, आणि असा हिशोब केलेली मुलं त्या धड्यात अडखळताना मी बघितलेली नाहीत.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या शालेय कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस जोडकाम, वायरिंग, शेती, आहार अशी कामं करतात. त्यातलं मला सर्वात पटलेलं तत्त्व म्हणजे मुलांनी गावाच्या उपयोगाचं खरं काम करायचं. शाळेचा बाक दुरुस्त केला तर त्यावर कुणीतरी बसणार असतं, त्यामुळे माप चुकवून चालत नाही. प्रदर्शनासाठी आदल्या रात्री आई-बाबांनी चिकटवलेल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीला ही कसोटी कधीच लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे दहा दप्तराविना दिवस आहेत.

फाउंड्रीला नेणार असतील तर ओतकामाच्या वेळी मुलं किती लांब उभी राहणार, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मे असणार का, हे शाळेला आधी विचारा. यात संकोच करू नका. शिकायचं तर पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना, बनवतात तिथं जास्त आहे. लाकडी पॅटर्न हव्या त्या वस्तूपेक्षा किंचित मोठा असतो, कारण बीड (ओतीव लोखंड) गार होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं. मुलीला तिथं मोजपट्टी लावू द्यावी, असा आग्रह धरा.

आणि महिन्याभराने तिची वही बघा. त्यात आधी बांधलेला अंदाज, नंतर आलेला आकडा आणि दोन्हींत फरक का पडला यावर तिच्या शब्दांत चार ओळी असतील, तर तो दिवस बिनघोर चालू ठेवा. फळ्यावरून उतरवलेला 'भेटीचा अहवाल' असेल तर वही घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा.