कोणत्या अमेरिकी स्त्री-शास्त्रज्ञाचे काम मोठे असूनही नाव फारसे ऐकू येत नाही?

माझ्या मते हेन्रिएटा स्वान लेव्हिट (१८६८–१९२१) यांचे. हार्वर्ड वेधशाळेत तासाला ३० सेंट मजुरीवर त्या आकाशाच्या छायाचित्रांच्या काचा तपासत. काचेवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे उमटत आणि वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून कोणता ठिपका लहानमोठा होतो हे भिंगातून शोधायचे, असे ते डोळे शिणवणारे काम होते.

लघु मॅजेलन मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील (तारकासमूहातील) २५ ताऱ्यांवरून त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की, सेफिड प्रकारचा तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या उजळण्या-मंदावण्याचा आवर्तकाल मोठा असतो. हे सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होते, म्हणजे त्यांच्या दिसणाऱ्या तेजातला फरक हा मूळ तेजातलाच फरक होता, हे त्यातले खरे मर्म. त्यामुळेच पुढे नुसत्या आवर्तकालावरून ताऱ्याचे मूळ तेज आणि त्यावरून अंतर काढता येऊ लागले. हा शोध मांडणाऱ्या निवेदनाखाली सही मात्र वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची होती. लेव्हिट यांचा उल्लेख पहिल्या वाक्यात येतो, एवढेच.

याच नियमाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले, तेव्हा लेव्हिट हयात नव्हत्या.