दवाखान्यात नेलं तर गावभर होईल का?

लग्न न झालेल्या मुलीला दिवस गेलेत, दवाखान्यात नेलं तर गावभर होईल का? सांगली-कोल्हापूरकडच्या तालुक्याच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या आया हे फार दबक्या आवाजात विचारतात. त्यातल्या एका घराविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

रेवती २१ वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ढगळ कुर्ते घालून आणि 'पित्त झालंय' म्हणत तिने सातव्या महिन्यापर्यंत निभावलं. आईला कळलं, तेव्हा आईने वडिलांपासून लपवलं आणि सगळं ठरवूनही टाकलं. रेवतीला मुंबईला मावशीकडे धाडायचं, घरीच सुईण बोलवायची, बाळ ओळखीतल्या जोडप्याला देऊन टाकायचं. "मॅडम, दवाखान्यात नाव लागलं की झालंच. धाकटीला कोण करून घेईल मग?"

या आईचा मला राग आला नाही. तिला त्याच गल्लीत जन्म काढायचा आहे. पण तिला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा कुठे रेवती बोलली. "रात्री धाप लागते. सांगू कुणाला?" तोवर तिची एकही तपासणी झालेली नव्हती. तिचं रक्त अतिशय कमी निघालं. अशा अंगाने घरी बाळंत होणं म्हणजे रक्तस्राव थांबला नाही तर जिवाशी खेळ.

मी आईला म्हटलं, शेजारपाजाऱ्यांना कळू देऊ नका, तो तुमचा हक्क आहे. डॉक्टरांपासून मात्र लपवू नका. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हाही हेच होतं: विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत होऊन जावं.

बाळ परस्पर देणं बेकायदा आहे. बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात असलेली सरकारी समिती) मूल रीतसर सोपवता येतं, आईचं नाव गुप्त राहतं आणि निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. परस्पर दिलेल्या बाळाच्या आईला ही मुदत कुठून मिळणार?

बाळंतपण जिल्ह्याच्या ठिकाणी सुखरूप झालं. रेवतीने बाळ समितीकडे सोपवलं, आणि तो निर्णय तिचा होता. त्या मुदतीत तिचं मन कितीदा तरी डळमळलं. वडिलांना पुढे आईनेच सांगितलं.

दिवस कमी असतील तर वाट पाहू नका. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर यात अविवाहित मुलीही येतात. सज्ञान मुलीला फक्त तिची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव फोडणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला त्या माहितीत तिचं नाव न देण्याची मुभा त्याच निकालाने दिली आहे.